उलटवलेली दोरी

भैरूला राग यायचा तो दोनच गोष्टींचा. ओली दोरी तशीच चरखीवर गुंडाळणाऱ्या माणसांचा, आणि अर्जुनराव मुकादमाचा. पहिला राग त्याला थोरल्या भावानं, ज्योतीरामनं, शिकवला होता. दुसरा ज्योतीरामच्या मरणानं दिला.

ज्योतीराम इंद्रायणीवरचा मासेमार. इंग्रजांच्या काळात खडकीच्या छावणीतला एक साहेब मोशीकडच्या डोहावर गळ टाकायला यायचा आणि त्याची टोपली ज्योतीराम वाहायचा. साहेब मायदेशी निघाला तेव्हा आपली बांबूची लांब काठी, पितळी चरखी आणि चरखीवरची रेशमी दोरी त्याला देऊन गेला. दोरी गोफासारखी विणलेली, सुतळीहून बारीक. तिनं रेडासुद्धा ओढून आणता येईल असं ज्योतीराम सांगायचा. रेडा कोणी बांधून पाहिला नव्हता, पण वर देहूच्या डोहात सुखानं वाढलेले, कोणी हात न लावलेले मोठाले मासे वाट चुकून खाली आले की ती दोरी त्यांना निमूट काठावर आणायची.

तशी दोरी पुण्याच्या बाजारात मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी या घराला परवडली नसती. म्हणून पावसाळा ओसरला की दोघे भाऊ ती उलटवायचे. गळाकडची बाजू खडकावर घासून झिजते, चरखीच्या पोटातली मात्र कोरी राहते. एकानं गळाकडचं टोक धरून रानात चालत सुटायचं. सगळी दोरी मोकळी झाली की दुसऱ्यानं रिकामी चरखी घेऊन त्याच्यापाशी जायचं आणि झिजलेल्या टोकापासून गुंडाळायला लागायचं. झिजलेलं आत जायचं, कोरं वर यायचं, आणि दोरीला आणखी एक हंगाम मिळायचा. मात्र एक पथ्य होतं. मासा पळाला तर उभ्या उभ्या दोरी द्यायची नाही, त्याच्याबरोबर काठानं आपण पळायचं. नाहीतर आतली जुनी बाजू बाहेर येते, आणि मग तिचा भरवसा नाही.

पुढं पिंपरीला कारखाने उठू लागले. त्यांना दगड लागला, दगडाला खाणी लागल्या आणि खाणींना अर्जुनराव लागला. खाणीवरच्या सुरुंगाच्या कांड्या त्याच्या ताब्यात असायच्या. त्यातली एखादी तो सुट्टीच्या दिवशी धोतराच्या सोग्यात घालून डोहावर आणायचा. वात पेटवायची, कांडी पाण्यात टाकायची, आणि पोट वर करून आलेले मासे पाटीत भरायचे. पिल्लं, अंडी, सगळ्याचा चिखल व्हायचा. ज्योतीराम दोनदा त्याच्याशी भांडला. तिसऱ्यांदा भांडायची वेळ आली नाही. तो गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं सोडवत असताना अर्जुनरावानं कांडी टाकली. भैरू पोचला तेव्हा भाऊ माशांमध्येच तरंगत होता. अंगावर जखम नव्हती. कानांतून आणि नाकातून रक्त येत होतं, आणि पोट आतून फुटलेलं होतं.

"मला दिसला न्हाई," असं अर्जुनराव सगळ्यांना म्हणाला. पोलिसांना तेच सांगितलं, गावाला तेच सांगितलं, आणि दोघांनाही ते पटलं. मोठ्या माणसाला काय दिसलं नाही यावर लोकांचा चटकन विश्वास बसतो. भैरूचा बसला नाही. त्यानं चाकणच्या बाजारात अर्जुनरावाला गाठलं आणि तराजूतलं लोखंडी माप उचलून त्याच्या तोंडावर घातलं. एक दात खाली पडला. मग खाणीवरच्या गड्यांनी भैरूला कांद्याच्या पोत्यांमागं ओढून नेलं आणि हातापायांनी तुडवलं. त्याच्या बरगड्या मोडल्या. गडी थकल्यावर अर्जुनराव स्वतः आला आणि त्यानं रक्त थुंकत, मोजून मापून, भैरूच्या मोडलेल्या बाजूवरच लाथ घातली. त्या दिवसापासून भैरूनं मनात पक्कं धरलं की हा माणूस आपल्या हातून मरणार.

ज्योतीरामला जाऊन वर्ष होत आलं. भादवा संपला आणि दोरी उलटवायची वेळ आली. भाऊ नव्हता, म्हणून कौशल्याबाईनं, ज्योतीरामच्या बायकोनं, टोक धरलं. रानातून चालता चालता तिनं दोरी बोटांत चोळून पाहिली.

"भावजी, ह्याला तर कुसळं आल्यात. तुटंल की."

"म्हनून तर आत घालायची, वैनी. आत हाय तवर काय भ्या न्हाई. बाहेर आली की तुटलीच समजा."

तिनं मान हलवली. नवऱ्याच्या मरणानंतर ती फार बोलत नसे.

त्यानंतरच्या रविवारी दोघं डोहावर होते. नदीला अजून ओढ होती. खालच्या अंगाला खडकांची रांग होती आणि तिथं पाणी फुटून पांढरं व्हायचं. तिथून गेलेलं जनावरसुद्धा कधी धड सापडलं नव्हतं. वैनी वरच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात बांबूचा सापळा उचलत होती. भैरू खाली काठी घेऊन उभा होता. गळाला साहेबाचा पितळी चमचा लावला होता. पाण्यात तो चकाकला की मोठा मासा झेप घेतो, आणि चमच्याखाली तीन आकड्यांचा गळ असतो.

अर्जुनराव वैनीच्या वरच्या खडकावर आला तो एकटाच. पाण्याकडं न पाहता त्यानं विडीवर वात पेटवली आणि हात मागं नेला. भैरूला सगळं स्वच्छ दिसलं. हात मागं गेला तो तिथंच राहिला. अर्जुनराव कांडी धरून तसाच उभा राहिला, मग गर्रकन रानाकडं वळला, आणि कांडी त्याच्या मुठीत फुटली.

आवाज डोंगरापर्यंत जाऊन परत आला. वात आखूड निघाली मेल्याची, एवढंच भैरूच्या मनात आलं. धूर विरला तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. अर्जुनराव धारेला लागला होता. उजवा हात मनगटातून नाहीसा झाला होता आणि त्या जागेवरून निघणारं रक्त पाण्यात लांब फाटत चाललं होतं. त्याचं डोकं एकदा वर आलं, पुन्हा गेलं.

भैरूच्या हातानं मनाला विचारलंच नाही. धारेतून काही मोठं चाललं की गळ टाकायचा, हे त्या हाताला जन्मभराचं वळण होतं. चमचा सुं करत गेला, अर्जुनरावाच्या पलीकडं पडला, आणि भैरूनं काठीला झटका दिल्याबरोबर तिन्ही आकडे त्याच्या खांद्याच्या मांसात रुतले. अर्जुनराव पाण्यात ओरडला. चरखी किरकिरत सुटली.

मग भैरूचं मन जागं झालं. आता काठानं पळायला हवं होतं. चार ढांगा टाकल्या असत्या तर कोरी दोरी पुरली असती. तो पळाला नाही. तो उभा राहिला.

दोरी अंगठ्याखालून जात होती, गुळगुळीत, थंड, चांगली. नंतर ती खरखरीत झाली. कुसळं अंगठ्याला लागू लागली. याच जागेची तो वाट पाहत होता. कोणी विचारलं तर खरं तेच सांगता येणार होतं, की मी गळ टाकला, धरायला बघितलं, दोरी तुटली. पोलिसांनासुद्धा पटलं असतं. त्याला आनंद झाला, असा आनंद की अंगावर काटा आला. त्यानं चरखी दोन्ही हातांनी करकचून दाबली.

कौशल्याबाई काठावर धावत आली होती. आवाजानं तिच्या कानांना दडे बसले होते, लुगडं ओलंचिंब होतं. तिनं भैरूचे पाय पाहिले, न हललेले. चरखी पाहिली. कुठली बाजू बाहेर आलीय हे तिला कळत होतं, कारण तीच बाजू तिनं स्वतः बोटांत चोळली होती. ती पळा म्हणाली नाही. तीही उभी राहिली.

दोरी ताणली गेली, तिच्यावरचं पाणी तुषार होऊन उडालं, काठी वाकली. दोरी तुटली नाही. सगळ्या नदीची ओढ त्या झिजलेल्या धाग्यांवर आली आणि ते धागे चिवटपणे धरून राहिले. आणि बांधलेली होडी धारेनं काठाला लागावी तसा, खडकांच्या जरा अलीकडं, अर्जुनराव त्यांच्याच काठाला उथळ पाण्यात येऊन लागला.

भैरूला दोरीचा संताप आला. त्यानं काठी फेकून दिली आणि तो खाली पळाला, आता, जेव्हा पळायची गरज नव्हती. अर्जुनराव चिखलात पालथा पडला होता आणि धार अजून त्याचे पाय ओढत होती. कौशल्याबाईनं कमरेची मासे चिरायची सुरी काढून पुढं केली.

"तोडा दोरी. जाऊ द्या त्याला."

भैरूनं सुरी घेतली. एका बोटाचं काम होतं. पण आता दोरीवर ढकलता येणार नव्हतं, जे करायचं ते आपल्या हातानं करावं लागणार होतं. त्यानं सुरी दोरीवर ठेवली. मग शिवी हासडून त्यानं अर्जुनरावाचे केस धरले आणि त्याला धोंड्यांवरून फरफटत वर काढलं. वर आल्यावर चाकणच्या लाथेची आठवण होऊन त्याच्या बरगडीत एक लाथ घातली. त्यानं बरं वाटलं नाही.

कौशल्याबाईनं सुरी परत घेतली. गळ काढायचा म्हणून ती अर्जुनरावाच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि माशाच्या जबड्यातून काढावा तसा एकेक आकडा मांस कापून काढू लागली. अर्जुनराव किंचाळला. ती सावकाश कापत होती.

"माजा मालक दिसला न्हवता व्हय रं तुला?" तिनं विचारलं. "खरं बोल. आता कोन हाय हितं?"

अर्जुनरावाचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं डोळे मिटले.

"दिसला हुता," तो म्हणाला.

वर्षभर भैरूला हेच ऐकायचं होतं.

"वात पेटल्याली हुती, बाई. दिसला तवा हातातच हुती. न्हाई टाकली तर माजा हात जाईल म्हनून टाकली." त्याला धाप लागली. "वर्स झालं, रोज रातच्याला पान्यात त्योच दिसतोय. आज पुन्यांदा वात पेटवली आन् बघतोय तर खाली तू."

सुरी थांबली.

"आज न्हाई टाकली," अर्जुनराव म्हणाला.

कौशल्याबाई त्याच्या छातीवरून उठली. तिनं सुरी चिखलात टाकली, पदर टरकावला आणि त्या फुटलेल्या मनगटावर आवळून बांधू लागली. रक्तानं कापड निसटत होतं आणि गाठ बसेना. भैरूनं गुडघे टेकून गाठीवर बोट धरलं. त्याला वाटत होतं, हा खोटं बोलतोय असं वैनीनं म्हणावं. ती म्हणाली नाही, आणि त्यानं मान वर केली तेव्हा तिनं नजर चुकवली.

अर्जुनराव डाव्या हातानं भैरूचं पाऊल चाचपडत होता. ते सापडल्यावर त्यानं त्यावर कपाळ टेकलं.

"तू हुतास म्हनून वाचलो, भैरू," तो म्हणाला. "दुसरा कोनी असता तर बघत हुबा ऱ्हायला असता."

भैरूला पाऊल मागं घेता आलं नाही.