व्हॉल्व्ह बंद केल्यावर

"तुमची बाजू उचला आधी, मग मला शिकवा," बायको म्हणाली, तसं त्यानं मुकाट्यानं खाटेचं टोक धरलं. तिच्या पाळणाघरातल्या अकरा चिमुकल्या खाटा पुढच्या खोलीतून परत मागच्या खोलीत न्यायच्या होत्या. मागची भिंत तडकल्यापासून चार महिने पोरं पुढच्या खोलीत दाटीवाटीनं झोपत होती. एक रडलं की दहा उठत, आणि बायकोचा जीव मेटाकुटीला आला होता.

"आणि ही भेग?" तिनं विचारलं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग थेट छताला भिडली होती.

"सिमेंट भरलंय ना मी. अगं, माझ्या हातानं व्हॉल्व्ह बंद केलाय. पाणीच जात नाही, तर जमीन हलेल कशानं?"

तिनं एकदा भेगेकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "तुम्ही म्हणताय म्हणून हं," ती म्हणाली.

तो म्हणेल ते खरं मानायची सगळ्या वस्तीलाच सवय होती. सव्वीस वर्षं तो पंपावर होता. तेलाच्या विहिरीतून तेल निघतं थोडं आणि खारट पाणी निघतं बक्कळ. ते ना पिकाच्या कामाचं, ना जनावराच्या. टँकर ते आणून ओतत आणि पंप ते एका खोल विहिरीतून पुन्हा जमिनीच्या पोटात ढकली. दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. म्हणून पोरंसोरं त्याला काटेकाका म्हणत. त्याला ते आवडे. आवडत नाही असं तो वरवर दाखवी, इतकंच.

जमीन हलायला लागली दोन वर्षांपूर्वी. आधी कपबशा किणकिणल्या, मग भिंती तडकल्या. कंपनीचे साहेब म्हणाले, "जमीन आहे, कधीतरी हलायचीच!" यानंही मान डोलावली. खाल्ल्या मिठाला जागायला नको? मग एकदा पंपाचं सील फुटलं. नवं यायला बारा दिवस लागले, आणि त्या बारा दिवसांत बशीसुद्धा वाजली नाही. पंप सुरू झाला आणि चौथ्या दिवशी पाळणाघरातलं भिंतीवरचं घड्याळ पोरांच्या पायाशी येऊन फुटलं. चौकशीला अधिकारी आले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. महिन्याभरात विहीर बंद करायचा हुकूम आला.

चौदा माणसांचं काम गेलं. त्याचंही गेलं. एका टँकरवाल्यानं तर त्याला भर रस्त्यात गाठलं. "काका, माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही! निवृत्तीला आलात, तुमचं काय जातंय?" पण टँकरवाल्याची तीन वर्षांची पोर पाळणाघरात येत राहिली, कारण तिच्या आईला आता दोन ठिकाणी कामाला जावं लागे. पोरं सोडायला येणाऱ्या प्रत्येक आईबापाला काटेकाका फाटकातच सांगे, "आता बिनघोर जा. माझा शब्द आहे."

विहीर बंद झाल्याच्या तेविसाव्या दिवशी दुपारी तो फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होता. त्या वेळी जमीन नेहमीसारखी हलली नाही. खालून धक्काच बसला. तो आत धावला तेव्हा मागची भिंत खिडकीसकट आत कोसळली होती. बायको दोन्ही बगलांत दोन पोरं धरून धुळीतून बाहेर येत होती. बाकीची दारापाशी जेवत होती, ती रडत का होईना, धडधाकट होती. विटांखाली चार खाटा गेल्या. तीन रिकाम्या होत्या. चौथीत टँकरवाल्याची पोर झोपली होती. त्यानं नखं उलटेपर्यंत विटा उपसल्या. पोर जिवंत निघाली. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

पाहणीला एक तरुण भूगर्भशास्त्रज्ञ बाई आली. "काका, तुम्ही विहीर बंद करायला लावलीत ते योग्यच केलंत," ती म्हणाली. "पण खाली गेलेलं पाणी दाबासकट पसरतच राहतं हो. कधी महिने, कधी वर्षंसुद्धा." व्हॉल्व्ह बंद केला की काटा शून्यावर येतो, हे त्यानं सव्वीस वर्षं पाहिलं होतं. त्या दिवशीही काटा शून्यावर आला, आणि त्याला वाटलं, संपलं. तो काटा वरच्या नळाचा होता, खालच्या जमिनीचा नव्हे. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात येऊ नये? त्याला स्वतःची लाज वाटली.

बायको भेगेबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पाळणाघराची पाटी तिनं स्वतःच उतरवली. तो चप्पल घालायला लागला तशी ती म्हणाली, "त्यांच्याकडे निघालात ना? थांबा, मीही येते."

"नको. शब्द मी दिला होता."

टँकरवाल्यानं दार उघडलं. आता हा कानाखाली वाजवणार, असं काटेकाकाला वाटलं, आणि वाजवली असती तर त्यानं गाल पुढे केला असता. पण आतून पोरच ओरडली, "काटेकाका, माझा पाय बघा केवढा जाड झालाय!"

"या, बसा," टँकरवाला म्हणाला.

तो बसला नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला. "बंद केलं की थांबेल, असं मला वाटलं. खाटा मीच उचलून त्या भिंतीशी ठेवल्या."

टँकरवाल्यानं पोरीचा पाय उशीवर नीट ठेवला. "त्या दिवशी तुम्हाला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला. "तरी पोर तुमच्याच भरवशावर ठेवली होती. ते जाऊ दे. मला एवढंच सांगा, आता तरी परत नाही ना हलणार?"

आतल्या खोलीत भांडी घासायचा आवाज थांबला. पोरीची आई ऐकत होती. 'नाही' हा शब्द काटेकाकाच्या जिभेवर तयार होता. आजवर त्यानं तो शेकडो वेळा दिला होता, आणि समोरच्यालाही दुसरं काही नको होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

टँकरवाल्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि पोरीला दोन्ही हातांवर उचलून भिंतींपासून लांब, अंगणात घेऊन गेला. काटेकाकानं तिची उशी घेतली आणि तो त्यांच्या मागोमाग बाहेर पडला.