चौसष्ट नंबर

निनादने तिसऱ्यांदा साखरेचा डबा ओढला, तेव्हा अरुणने तो हळूच आपल्या बाजूला सरकवला.

"अहो, घेऊ दे की," लतिका म्हणाली. "एकशे चाळीस किलोच्या पोराला दोन चमच्यांनी काय होतंय?"

अरुणने डब्याला झाकण लावलं. दोन चमचे चहात आधीच पडले होते. त्याच्याही आधी दोन.

पाच वाजता अमेरिकेतून निनादच्या संघाच्या डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा होता. त्यांनी होकार दिला तरच निनादला येत्या हंगामात खेळता येणार होतं, आणि त्यांना घरच्या माणसाशीही बोलायचं होतं.

"बाबा, त्या विचारतील, घरी काही वेगळं जाणवलं का. जस्ट से नो. दोन मिनिटं, खलास."

"विसरतोस तू, निनाद."

"एव्हरीबडी फरगेट्स! तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता."

लतिका हसली. अरुणने कपाळ चाचपलं. चष्मा तिथेच होता.

अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या याच घरातून निनाद अठराव्या वर्षी अमेरिकेला गेला. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं आणि धावून येणारे धिप्पाड गडी अंगावर घ्यायचे, हे त्याचं काम. चेंडू त्याच्या हाती कधी येत नसे आणि कॅमेरा चेंडूमागे पळे. अरुण मात्र पडद्याच्या कडेला निनादच्या जर्सीवरचा चौसष्ट नंबर शोधत बसायचा. दिसेल ते टिपून ठेवायची सवय त्याला मुसफ्फातल्या ड्रॉइंग ऑफिसात लागलेली. आपल्या नजरेचा भरवसा नसल्याने रेकॉर्डिंग पुन्हा पाहून मगच तो वहीत लिही.

कॉल आला. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. टेबलाखाली निनादचा जड हात बापाच्या गुडघ्यावर येऊन टेकला.

समोरच्याला हवं तेच उत्तर अरुणने आयुष्यभर दिलं होतं. त्याने वही उघडली आणि अडखळत्या इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. ऑक्टोबरचा दुसरा रविवार. टक्कर झाली. चौसष्ट नंबर पडला, उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्याच एकाने खांद्याला धरून त्याला परत धाडलं.

निनाद मोकळेपणाने हसला.

"नॉट मी, बाबा. आय डिडन्ट प्ले दॅट गेम. तुम्ही दुसरंच कुणी पाहिलंत."

असेल, असं अरुणला वाटलं. तसंच असावं, असंही वाटलं. त्याने पुन्हा वहीत पाहिलं. नंबर दोनदा अधोरेखित केलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"निनाद," त्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, "तो सामना तू शेवटपर्यंत खेळलास."

निनादच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं, हे त्याला कळेना.

अरुणने खुर्ची पुढे ओढली आणि पडदा व मुलगा यांच्या मधोमध तो बसला. त्याच्या किरकोळ अंगामागे निनाद फारसा झाकला गेला नाही.