सहावी चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. माणसाच्या उंचीची, खरखरीत प्लास्टिकची. दूध-डेअरीमागच्या शेडमध्ये, लांबट हौदावर एकाच दांड्यात ओवलेल्या आम्ही सहा बहिणी, आणि मी शेंडेफळ. अर्धं अंग पाण्यात, अर्धं उन्हात ठेवून दिवसभर सावकाश फिरायचं, एवढंच आमचं काम. पण डेअरीत धुतलेल्या सगळ्या कॅनचं आंबूस पाणी आमच्याकडे येतं आणि आमच्याकडून पुढे तळ्यात जातं.

खरा राबतो तो माझ्या अंगावरचा हिरवा, बुळबुळीत थर. त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ आणि जिवाणू एकत्र नांदतात. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, तो घेऊन जिवाणू घाण फस्त करतात आणि त्यांनी टाकलेल्यावर शेवाळ पोसतं. हा संसार मांडायला दोन महिने लागले होते.

शेड सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. एकदा डेअरीत बडे पाहुणे यायचे होते. वहिनींची थोरली नणंद नुकतीच कामाला लागली होती. वहिनींनी तिला ‘शेड लख्ख करा’ एवढंच सांगितलं आणि त्या ऑफिसात गेल्या. त्यांच्या मनात होती फरशी. नणंदबाई मात्र कामाला वाघ. त्यांनी हौद रिकामा केला, साबणाची बादली घेतली आणि तारेचा ब्रश घेऊन आम्हालाच भिडल्या.

पाच बहिणी पांढऱ्याफटक पडल्या. मग ब्रश माझ्याकडे वळला. माझं अर्धं अंग सोलून निघालं तेव्हा दारात वहिनी दिसल्या.

“वन्सं, ब्रश खाली ठेवा,” त्या हळूच म्हणाल्या.

“अहो वहिनी, एवढी घाण कुणी ठेवतं का?”

वहिनींनी तिला हा थर काय काम करतो ते समजावून सांगितलं. बाराव्या दिवशी तपासनीस पाण्याचा नमुना न्यायला येणार होते. नमुना नापास झाला की शेडला कुलूप लागणार आणि आम्ही भंगारात जाणार. सगळं ऐकून नणंदबाईंचा चेहरा उतरला. वहिनींनी माझ्या उरलेल्या हिरव्या अंगावरून हात फिरवला.

“विरजण उरलंय. चूक माझीच, मी नीट सांगितलं नाही. आता दोघी मिळून लावू.”

त्यांनी माझा थर हलकेच खरवडला, पाण्यात कालवला आणि दोघींनी तो हातांनी माझ्या बहिणींना माखला. माझ्याकडे एक पट्टा तेवढा राहिला. मला फार भीती वाटली, मित्रांनो. हे रुजलं नाही तर?

थर धरेपर्यंत हौदात पाणी थेंबथेंबच सोडायचं होतं. बाकीचं वरच्या टाकीत साठत गेलं; ती भरली की डेअरीचं धुणं थांबणार होतं. नणंदबाई रोज काठी बुडवून पाहायच्या. एक हात रिकामी, मग एक वीत. सहाव्या दिवशीही बहिणी पांढऱ्याच होत्या. सातव्या दिवशी आभाळ भरून आलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि त्या दिवशी नणंदबाईंनी डबासुद्धा उघडला नाही. नवव्या दिवशी पहिल्या बहिणीच्या कडेला पोपटी झाक दिसली. दोघी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

बाराव्या दिवशी टाकी चार बोटं रिकामी होती. तपासनीसांनी बाटली भरली, उजेडात धरली, वास घेतला आणि निघून गेले. निकाल यायला आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत टाकीही काठोकाठ भरली. नमुना पास झाल्याचं कळलं तेव्हा नणंदबाई माझ्यापाशी आल्या आणि पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडल्या.

आता माझ्या अंगाला तडा गेलाय. लवकरच नवी चकती येईल. माझी एकच विनवणी आहे. मला काढण्याआधी माझा थर तिला द्या. आणि मित्रांनो, दिसायला ओंगळ वाटलं म्हणून काही घासून टाकू नका. ते तिथे काय करतंय, ते आधी विचारा.

तो ब्रश अजून खिळ्याला टांगलेला आहे. नवीन माणूस कामाला आलं की नणंदबाई त्याला आधी माझ्यासमोर उभं करतात आणि म्हणतात, “हात लावून बघ. हे जिवंत आहे.”