साहेबांचं रिफ्रेश

"हे लिनक्सचं खेळणं माझ्या टेबलावर नको. तुला विंडोज टाकता येत नसेल तर घरी बस," साहेब सगळ्यांदेखत मला म्हणाले.

ऑफिसातले कॉम्प्युटर मीच सांभाळायचे. उट्टं काढायचं ठरवून त्याच लिनक्सवर विंडोजचं सोंग चढवलं: तसाच खालचा पट्टा, तसंच स्टार्टचं बटण. साहेबांना येताजाता रिफ्रेश मारायची खोड, म्हणून उजव्या क्लिकवर तेही ठेवलं.

सहा महिन्यांनी आपल्याच टेबलाभोवती भरवलेल्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "विंडोज टाकल्यापासून मशीन कसं पळतंय बघा! शिवाय मी रिफ्रेश मारत असतो ना."

"साहेब, ते लिनक्सच आहे," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "आणि त्या रिफ्रेशला मी काहीच जोडलेलं नाही."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. माउसवरच्या बोटाने मात्र सवयीने पुन्हा रिफ्रेश मारलं.