वळणावरचं पातेलं

उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरांतून, नदीच्या काठाकाठानं, तंबू टाकत सात दिवस हिंडायचं असं लेकीनं ठरवलं, तेव्हा भोंगेमामांनी एकच अट घातली. तिसरा मुक्काम धरणाखालच्या वळणावर. बाकी त्यांची कशालाच ना नव्हती. गाडीत गुडघे आखडले, तंबूत पाठ धरली, घाटात मामींना दोनदा मळमळलं, तरी मामा गप्प. वळणावर पोचल्यावर मात्र जावयाचं तोंड उतरलं. सावली नाही, जिकडेतिकडे धोंडे, आणि थोडं पुढे छान हिरवळ असल्याचं फोनमधला नकाशा सांगत होता.

"बाबा, इथे बघण्यासारखं आहे तरी काय?" लेकीनं विचारलं.

"काय?"

तिनं आवाज चढवून पुन्हा विचारलं.

"बघायला नाही आलो," मामा म्हणाले, आणि तंबू तिथून वर, पार वर, पुराच्या वाळक्या काटक्यांची रेघ संपते त्याच्याही वर ठोकायला लावला. सामान वाहता वाहता जावई काहीतरी पुटपुटला. ते मामांना ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

मामांनी बत्तीस वर्षं या धरणाचे दरवाजे उघडले होते. दरवाजा उघडण्याआधी पाच मिनिटं भोंगा वाजवायचा, हेही त्यांचंच काम. त्यामुळे वसाहतीत त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. भोंगा त्यांच्या खोलीच्या छपरावर, डोक्यापासून चार हातांवर. उन्हाळ्यात रोज दुपारी चारला भोंगा व्हायचा आणि मग खालच्या गावांसाठी पाणी सुटायचं.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर येताना त्यांना रस्त्यावरून या वळणावर पिवळा तंबू दिसला. धरणावरून वळण दिसत नाही, मध्ये डोंगराची सोंड आहे. चारपर्यंत मामा तो तंबू विसरूनही गेले. नेमाप्रमाणे पाच मिनिटं भोंगा, मग दरवाजा. घरी जाताना पाहिलं तर तंबू नव्हता. खाली उतरून गेले, तर दोन धोंड्यांच्या बेचक्यात एक पातेलं अडकलेलं, झाकणासकट. तंबू गुंडाळून माणसं गेली, की तंबूसकट गेली?

कुणी बुडाल्याची बातमी आली नाही. साहेब म्हणाले, भोंगा तीन मैल ऐकू जातो, तसं कागदावर आहे. पण कागदावर डोंगराची सोंड कुठे होती? मामांनी पातेलं घरी आणलं आणि बाजारातून घेतलं म्हणून सांगितलं. मामी त्यात अकरा वर्षं दूध तापवत होत्या आणि मामा रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून चहा पीत होते. सुट्टीच्या दिवशी वळणावर जाऊन भोंगा ऐकू येतो का, एवढं पाहणं काही अवघड नव्हतं. पण नाही आला तर? या भीतीनं त्यांनी नोकरी संपवली, नंतरची चार वर्षंही घालवली. आता साठी उलटली होती आणि हे आणखी ओढायचं त्राण राहिलं नव्हतं.

साडेतीनला लेक आणि जावई, मामींनी घरून बरोबर घेतलेलं तेच पातेलं घेऊन पाण्यापाशी उतरले. म्हणे चहा नदीकाठीच करायचा. मामाही उतरले.

"चहा वर करा," ते म्हणाले.

"बाबा, पाणी उकळत आलंय, दोन मिनिटं," जावई म्हणाला. मामींना मळमळ होती, त्या वर तंबूच्या तोंडाशी बसून होत्या.

मामा दोघांकडे पाठ करून धरणाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. घड्याळात चार वाजले. मामांनी श्वास रोखला. धोंड्यांवरून जाणाऱ्या पाण्याचा नुसता घुमारा. चार वाजून एक मिनिट. दोन. धरणावरचा नवा माणूस मामांच्याच हाताखाली शिकलेला, मिनिटभरही इकडेतिकडे करणारा नव्हे. म्हणजे भोंगा वाजतोय, आणि इथे पोचत नाही.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचा दंड धरून खसकन ओढलं. लेक होती.

"बाबा, किती हाका मारायच्या? चला वर!"

"कशाला?"

"कशाला काय? भोंगा वाजतोय!"

"कुठे वाजतोय?"

लेकीनं वर बोट दाखवलं. मामांनी वर पाहिलं. जावई अर्धा चढ चढून थांबला होता आणि त्याची दोन्ही बोटं कानांत होती. त्याच्याही वर मामी दोन्ही हातांनी कान दाबून बसल्या होत्या.

मामा चढ चढले, तंबूपाशी मटकन बसले आणि हसायला लागले. मग रडायला लागले. कुणाला काही कळेना.

थोड्या वेळानं पाणी आलं. गाजावाजा न करता काठावर चढलं, चूल विझवली आणि पातेलं उचलून घेऊन वळणाआड गेलं.

"अहो, माझं पातेलं!" मामी म्हणाल्या.

"तुझं नाहीच ते," मामा म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

आधी जावई बोलला. "बाबा, तो आवाज ऐकल्यावर मला बायकोची आठवण उशिरा झाली. पातेल्याची कोण ठेवतंय? त्यांनीही असंच टाकून पळ काढला असणार."

हे मामांनी त्याला पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायला लावलं. ऐकू आलं होतं, तरी.

"आणि कान तपासून घ्या म्हणून मी पाच वर्षं घसा फोडतेय, त्याचं काय?" मामी म्हणाल्या.

"घेतो तपासून."

"काय?" या वेळी मामींनी विचारलं.

सगळे हसले. मामांना इतकं हलकं वाटत होतं, की हिरवळीवर तंबू हलवायचा असता तर त्यांनी तो एकट्यानं उचलला असता. पण मध्येच ते उठले आणि चपला शोधू लागले.

"गाडी काढ," ते लेकीला म्हणाले. "ते खालच्या पुलापाशी अडकेल."

"जाऊ द्या हो, जुनंच होतं," मामी म्हणाल्या.

"नको. कुणाला तरी सापडेल, आणि तो माझ्यासारखा विचार करत बसेल."

लेकीनं गाडी काढून दोनदा हॉर्न वाजवला. मामींनी मामांचा हात धरला आणि त्यांना गाडीकडे नेलं.