काकूंच्या पायरीवरचा दिवा

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. तीन दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावर मेणात दात बसवायचे, घासूनपुसून कवळी तयार करायची, हे काम तो बावीस वर्षं करत होता. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे, असं तो खुशीत असला की म्हणायचा. पण संध्याकाळ झाली की हाच माणूस मागच्या अंगणात दुर्बीण मांडून बसे, आणि मग त्याला दातही नकोत नि माणसंही नकोत. त्याला दीर्घिका हव्या असत.

दीर्घिकेचा फोटो काही एका टिचकीत निघत नाही. पाच-पाच मिनिटांचे चाळीस-पन्नास फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या अंधूक डागातून भोवऱ्यासारखे पीळ वर येतात. त्यासाठी महिन्यातून अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवसच हाती लागतात, तेही आभाळ मेहेरबान असेल तर. आणि जवळपास दिवा असून चालत नाही. कवळीवाल्याच्या अगदी शेजारी दिवा होता.

दोन घरांच्या मधल्या भिंतीला एक खांब होता, त्यावर तो बल्ब. पलीकडे काकूंचं मागचं दार आणि दारापुढे चार पायऱ्या. काकूंचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून त्यांच्या मुलाने अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा तिथे बसवून दिला होता. एकीकडे दोन कोटी वर्षं चालून आलेला उजेड आणि दुसरीकडे काकूंचा नऊ वॅटचा बल्ब. रोज बल्बच जिंकायचा.

काकूंना विचारावं, असं त्याच्या मनात आलं होतं. नाही असं नाही. पण पूर्वी एकदा त्याने समोरच्यांना गच्चीवरचा दिवा मालवायची विनंती केली होती, तेव्हा "का हो, चांदण्यांची झोपमोड होते का?" म्हणून आठवडाभर गल्लीने त्याची खिल्ली उडवली होती. तेव्हापासून तो कुणाच्या तोंडाला लागायचा बंद झाला. अंधार पडला की भिंतीवरून हात घालायचा, फडक्यात धरून बल्ब दोन आटे ढिला करायचा, आणि अकराच्या सुमाराला आवराआवर झाली की साळसूदपणे पुन्हा घट्ट करायचा. कामाचा भारी नेटका माणूस, त्यामुळे वहीत तेही लिहायचा. 'सात पन्नास. शेजारचा दिवा बंद. पहिला फोटो.'

त्या खेपेचा तो तिसरा दिवस होता. साडेआठ वाजले असतील. काकू दोरीवरचे कपडे काढायला मागच्या दाराने बाहेर आल्या. आधी टोपली गडगडल्याचा आवाज आला, मग काकूंचा.

तो भिंतीवरून उडी मारून गेला. जाताना दुर्बिणीच्या तिवईला पाय लागला, तिकडे त्याने बघितलंही नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. काकू खालच्या पायरीवर वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बायकोला हाक मारली, अँब्युलन्सला फोन लावला. काकू कण्हत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "बल्ब गेला वाटतं रे मेला. दिसलंच नाही मला."

"हो काकू," तो म्हणाला. "गेला असेल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. काकूंचा मुलगा, ज्याला सगळे छोटू म्हणत, रात्री हॉस्पिटलमधून तासाभरासाठी घरी आला. हा छोटू अडतीस वर्षांचा, सहा फूट उंच, सामान पोचवायची व्हॅन चालवणारा. त्याने खांबावरचा बल्ब ओढून काढला, कचऱ्यात भिरकावला आणि नवा लावला. न लागणारा बल्ब आधी घट्ट करून बघायचं त्याला सुचलं नाही. त्या रात्री कुणाला सुचलं असतं? कवळीवाला खिडकीच्या पडद्याआडून बघत होता. दार उघडून दोन शब्द बोलायला तेवढा वेळ पुरला असता. तो पडदा धरून उभा राहिला.

पुढचं सगळं भिंतीपलीकडून ऐकू येत गेलं. छोटूची थोरली बहीण परगावाहून आली, आणि आल्याआल्या तिने भावाला फैलावर घेतलं. "एक बल्ब! एक बल्ब बदलता येत नाही तुला? घोडा झालास नुसता!"

"दोन दिवस बंद दिसत होता गं ताई," छोटू म्हणत होता. "मी यायचो दहाला, दमलेला. उद्या बदलू म्हटलं. सकाळी उजेड असतो, विसरून जायचो."

"उद्या म्हणे! आई मेली असती तर कुठल्या उद्याला बदलणार होतास?"

गल्लीतही हेच चाललं होतं. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचं त्याला बल्बवरून ऐकवून झालं. तो खाली मान घालून ऐकायचा.

आठव्या दिवशी दुपारी छोटू कवळीवाल्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे सुकत ओळीने ठेवलेले, हवेत मेणाचा वास. छोटूची दाढी वाढली होती.

"दादा, एक विचारायचं होतं. तुम्ही रोज मागे असता ना, दुर्बीण घेऊन?"

"असतो की. ये, बस."

"नको. एवढंच सांगा, आमचा दिवा कधीपासून बंद होता? ताई म्हणते, आठवडाभर बंद असणार, मला दिसतच नसणार. मला वाटतं दोनच दिवस. पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही राहिला. तुम्हाला आठवतंय का काही?"

वही कवळीवाल्याच्या कोपराखाली होती. दिवस, तास, मिनिट, सगळं त्यात निळ्या शाईने लिहिलेलं. त्याने हातातल्या कवळीकडे बघितलं, कानशीने एक दाढ उगाच घासली.

"माझी पाठ असते रे तिकडे," तो म्हणाला. "लक्ष नसतं."

"बरोबर आहे," छोटू म्हणाला. "तुमचं काय लक्ष असणार. माझं असायला पाहिजे होतं." आणि जाताना दार अलगद ओढून घेऊन गेला.

त्या दिवसापासून कवळीवाल्याला अन्न गोड लागेना. आधीची चूक निदान आंधळेपणाने झाली होती. हे खोटं त्याने डोळे उघडे ठेवून, समोरच्याची वाढलेली दाढी बघत सांगितलं होतं. आपण भेकड आहोत, हे त्याला स्वच्छ कळलं आणि ते कळूनही तो गप्प राहिला. मन रमवायला त्याने ते फोटो रचायला घेतले. त्या संध्याकाळचे आठच फोटो होते. सातांत तारे टाचणीच्या टोकाएवढे. शेवटच्यात सगळ्या ताऱ्यांच्या रेघा ओढल्या गेलेल्या, तिवईला लागलेल्या पायाच्या. असा फोटो लोक काढून टाकतात. त्याने बटणावर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला. शेवटी कॉम्प्युटर बंद करून उठला.

शनिवारी रात्री जेवताना बायको म्हणाली, "काकूंना नेतायत उद्या. कायमचं. ताई म्हणते, ह्याच्या जिवावर आईला ठेवणार नाही. काकूंना जायचं नाहीये हो, पण कोण ऐकतंय? आणि छोटूही म्हणतो, ने बाई, मी त्या लायकीचा नाही."

त्याने घास खाली ठेवला. मग सगळं सांगितलं, बल्ब, फडकं, वही, आणि छोटू दारात येऊन उभा राहिला होता तेही. बायकोने त्याच्याकडे बघितलं. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं ते बघणं नव्हतं.

"गाडी सकाळी नवाला येणार आहे," ती म्हणाली. "आठला तिथे असा." आणि ताटं उचलून आत गेली.

आठला तो वही घेऊन गेला. काकू खुर्चीत, पुढ्यात चालायची चौकट. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. छोटू आईच्या औषधांवर कुठलं सकाळी, कुठलं रात्री, ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवत होता.

कवळीवाल्याने घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. "बल्ब गेला नव्हता," तो म्हणाला. "मी ढिला केला होता. फोटोसाठी. रोज करायचो. छोटूने बघितला तेव्हा तो बंद होता तो माझ्यामुळे. त्याची काही चूक नाही." आणि वही टेबलावर उघडी ठेवली, कुणी मागितली नव्हती तरी.

ताईने वही वाचली. मग तिने त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. तो उभ्याउभ्या ऐकत राहिला. बोलून दमल्यावर तिने एकदा भावाकडे बघितलं. घड्या घातलेले आईचे कपडे तिने बॅगेतून काढले आणि एकेक करून कपाटात परत ठेवायला लागली.

"अरे, मला सांगायचंस की," काकू म्हणाल्या. "बटण आतच तर आहे. तुझं होईपर्यंत मी बंद ठेवलं असतं. कपडे सकाळी काढले असते. तेवढंच ना?"

तेवढंच होतं. त्याचे डोळे भरून आले. "काकू, मला माफ करा."

"माझं हाड आहे, ते जुळेल," काकू म्हणाल्या. "मला राहू दे. त्याच्याशी बोल. बारा दिवस झाले, पोटभर जेवला नाहीये तो."

कवळीवाला वळला. छोटू हातात औषधाची बाटली धरून उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं कवळीवाल्याला वाटलं.

"मी आलो होतो तुमच्याकडे, दादा," छोटू म्हणाला. "विचारलं होतं."