डावीकडचं उसवलंय

"डावीकडचं परत उसवलंय," दुकानाची पायरी चढता चढताच मी सांगितलं.

आमचे हे टेबलाशी कापड बेतत होते. कानावर खडू, ओठांत टाचणी. मान वर न करताच म्हणाले, "मग टीप मार ना. दुहेरीच मार, म्हणजे परत कटकट नको."

मी जागच्या जागी उभी राहिले. तासाभरापूर्वीच डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, की जुन्या टाक्यांच्या कडेला आलेली गाठ साधी नाही. चार वर्षांपूर्वी डावा स्तन काढला, त्याच जागी कॅन्सर परत आला आहे. आणि नवरा म्हणत होता, दुहेरी टीप मार. मला वाटलं, केवढा धीराचा झाला हा माणूस! पहिल्या खेपेला ह्यांनी माझ्या वाटणीचंही रडून टाकलं होतं.

आमच्या घरात त्या आजाराला कुणी नावाने हाक मारत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा सासूबाई चष्मा पुसून जवळ आल्या, नीट निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "टाके सरळ आहेत. डॉक्टरच्या हाताला वळण आहे." सासूबाईंनी जन्मभर काजं-बटणं केली. त्यांच्याकडून सरळ टाक्याची पावती मिळवायला मला लग्नानंतर दहा वर्षं लागली होती, डॉक्टरांना ती पहिल्याच फटक्यात मिळाली. तेव्हापासून ऑपरेशन म्हणजे शिवण आणि तपासणी म्हणजे ट्रायल, अशी आमची बोली झाली. त्यामुळे वाटभर मनाशी शब्द जुळवताना मला 'उसवलंय' हाच सापडला.

मी गपचूप मशीनवर बसले. समोर एक कोट पडला होता. त्याच्या डाव्या बाहीचं अस्तर खरोखरच उसवलेलं होतं. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी नवऱ्याच्या कौतुकात बुडालेली. दुहेरी टीप मारली, दोरा तोडला. दिवसभर ह्यांच्याकडे बघून बघून मलाही धीर येत गेला.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, की पुढच्याच आठवड्यात सुरू करू म्हणतात.

"काय सुरू करू?"

"औषध. सकाळी नाही का सांगितलं, डावीकडचं उसवलंय म्हणून?"

"ते कोटाचं ना?" असं म्हणता म्हणता ह्यांचा घास हातातच राहिला. हे उठले, हात धुवायला गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, की तू आधी पोटभर जेव.

म्हणजे तो धीर सगळा कोटासाठी होता. पण उसना का होईना, त्या धीरावर माझा सगळ्यात वाईट दिवस निभावून गेला. एवढ्या वेळेवर झालेला घोटाळा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझा बेत सांगितला. औषध घ्यायचं नाही. घेतलं तर पुष्कळ वर्षं निघू शकतात, नाही घेतलं तर फार निघणार नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पण पहिल्या खेपेला शिल्लक गेली, पाठोपाठ सासूबाईंच्या बांगड्या गेल्या. आता विकण्याजोगं उरलं होतं ते दुकान. ह्यांनी ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या टेबलाशी उभं राहून काढली, मालकाचा मुलगा 'ए कारागीर' म्हणून हाक मारायचा ती ऐकून घेतली, तेव्हा कुठे हे दुकान झालं. पाटी लागली त्या दिवशी स्वतःचंच नाव वाचायला हे रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते. ती पाटी माझ्यापायी उतरलेली मला बघायची नव्हती.

"एकदा शिवून झालं ना," मी म्हटलं. "जुन्या कापडाला टीपा तरी किती मारायच्या? सुई लागेल तिथे विरतं ते."

ह्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलंय, जुनं झालंय, टाकून द्या म्हणून?"

"गिऱ्हाईक दुकान विकून दुरुस्ती करत नाही."

"दुकान माझं आहे."

"आणि जीव माझा आहे."

सासूबाई कोपऱ्यात बटणं निवडत बसल्या होत्या. त्यांनी डबी बाजूला सारली. "हे बघ, रांगेत मी पुढे आहे," त्या मला म्हणाल्या. "मध्ये घुसायचं नाही. आणि तू गेल्यावर मला आंघोळीचं पाणी कोण काढून देणार, हा? ह्याला गरम-गार कळत नाही. सोलून काढेल मला."

मला हसू फुटलं. हेही हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. हसून बसल्यावर माणसाला मरणाचा हट्ट धरता येत नाही. मी हरले, आणि खरं सांगते, हरल्याचं इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. मला जगायचंच होतं. कुणीतरी तसं ठणकावून सांगायला हवं होतं, इतकंच.

दुकान एका चष्मेवाल्याने घेतलं, मशीनंही पाठोपाठ गेली. हे पुन्हा त्याच जुन्या जागी कामाला लागले. 'ए कारागीर' म्हणणारा मुलगा आता तिथला मालक होता. पाटी कधी उतरवली, कुठे ठेवली, हे ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. औषधाने माझे केस गेले, चव गेली, बोटं बधिर झाली. सुई हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. पण गाठ बसत चालली होती. डॉक्टरीणबाई ट्रायलवर खूश होत्या.

आमच्यात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. मानलेच तर समोरचा आधी कपाळाला हात लावून ताप आहे का बघतो. त्यामुळे मला ह्यांना जे म्हणावंसं वाटे ते मनातच राही.

ह्यांच्या नोकरीत आता सगळ्या कामगारांना एकसारखा शर्ट होता, खिशावर दोऱ्याने मालकाचं नाव भरलेला. तयार माल. ह्यांच्या अंगावर त्याचे खांदे कोपराकडे ओघळत आणि पाठीवर पिशवी होई. गिऱ्हाइकाचा खांदा केसभर चुकला तरी बेचैन होणारा हा माणूस तो शर्ट तसाच घालून जात होता. मी विचारलं तर म्हणाले, "चालतंय. नोकराच्या शर्टात काय बघायचं?"

ते वाक्य मला आजारापेक्षा जास्त टोचलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी हे झोपल्यावर मी शर्ट घेतला आणि सासूबाईंना हाक मारली. मला दिसत होतं पण बोटांना समजत नव्हतं, त्यांच्या बोटांना सगळं समजत होतं पण डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं. दोघींचा मिळून एक शिंपी झाला, तोही शिकाऊ. बाह्या उसवल्या, खांदे आत घेतले, पाठीचं जास्तीचं कापड बाजूच्या शिवणींत मुरवलं. मी बोट ठेवून जागा दाखवायची, त्यांनी टाका घालायचा. शेवटचे काही मी हट्टाने स्वतः घातले. चहाची वेळ टळून गेली तरी सासूबाईंनी कुरकुर केली नाही, यावरूनच काय ते समजावं.

सोमवारी सकाळी ह्यांनी शर्ट घातला आणि बटणं लावता लावता थांबले. खांद्यावरून हात फिरवला, मग आतून बोट घालून शिवण चाचपली.

"दोन टाके वाकडे आहेत," हे म्हणाले.

"माझे नाहीत," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"माझे आहेत," मी म्हटलं. "काढून द्या, परत घालते."

"नको. ते राहू देत." ह्यांनी उरलेली बटणं लावली, डबा घेतला आणि निघाले.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. हे रस्त्याच्या कडेने चालले होते. मालकाचं नाव पुढे खिशावर होतं, ते इथून दिसत नव्हतं. मला दिसत होती ह्यांची पाठ, आणि वळणापर्यंत तिच्यावर एक सुरकुती पडली नाही.